वर्षाला दोन बोटं

अहिल्याबाईंची कात्री अमेरिकेत आली ती मोठ्या बॅगेत, दोन लुगड्यांच्या मधोमध, निळ्या फडक्यात गुंडाळून. प्रितमनं फोनवर तीनतीनदा बजावलं होतं, आई, हातातल्या पिशवीत टोकदार काही ठेवू नकोस, आता विमानतळावर फार स्ट्रिक्ट झालंय. नेपरव्हिलच्या घरी बॅग उघडली तेव्हा त्यानं ती कात्री पाहिली आणि हसून विचारलं, इथे कात्र्या मिळत नाहीत का? अहिल्याबाई म्हणाल्या, मिळत असतील. ही मिळत नाही.

गडहिंग्लजच्या सरकारी दवाखान्यात आया म्हणून नोकरी करता करता अहिल्याबाईंनी एकतीस वर्षं बायकांच्या डोक्यावरच्या जटा उतरवल्या होत्या. त्या सगळ्या भागात एखाद्या पोरीचे केस धुण्याविंचरण्यावाचून चिकटले, त्यांचा गुंता झाला, की घरचे म्हणायचे, देवीनं बोलावलं. मग त्या गुंत्याला हळदकुंकू. फणी लावायची नाही, कात्री लावायची नाही. पोर देवीच्या नावानं सोडून दिलेली. तिला लग्न नाही, संसार नाही, आणि डोक्यावर दोन-तीन किलोचं ओझं जन्मभर. अहिल्याबाईंच्या सख्ख्या आत्याचं हेच झालं होतं. म्हणून नोकरी लागल्यावर चळवळीतल्या चार माणसांबरोबर त्या गावोगाव जाऊ लागल्या, आणि पुढे ती चार माणसं थकली तरी त्या जातच राहिल्या.

या कामाची त्यांची एक पद्धत होती. पहिल्या भेटीला केसांचं नावही काढायचं नाही. चहा प्यायचा, घरच्यांची चौकशी करायची. दुसऱ्या भेटीला तेलाची बाटली न्यायची आणि सहज विचारायचं, मान दुखते का गं? तिसऱ्या भेटीला हात लावायचा. चौथ्या नाहीतर पाचव्या भेटीला कात्री. एकतीस वर्षांत ही पद्धत फसली असं फार थोड्या वेळा झालं होतं.

आता नोकरी संपली होती, नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि मुलानं सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं. नोव्हेंबरात आल्या. डिसेंबरात बर्फ पडलं ते फेब्रुवारी आला तरी दारातच बसून होतं. प्रितम सकाळी सातच्या गाडीनं शिकागोला जायचा. नात मीरा शाळेतून आली की तिच्याशी बोलायला जावं तर ती सगळ्याचं उत्तर इंग्रजीत द्यायची. खिडकीतून बघावं तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाडी गॅरेजातून निघायची आणि गॅरेजातच शिरायची, आत माणूस होतं की नाही कोण जाणे. अहिल्याबाईंचा जीव मेटाकुटीला आला. एका सोमवारी त्यांनी सून अपर्णाला सांगून टाकलं, मला असं कोंडून ठेवायचं असेल तर परतीचं तिकीट काढ.

अपर्णानं नागपूरला चित्रकलेचं शिक्षण घेतलं होतं. तिच्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती, म्हणून ती मंगळवारी आणि गुरुवारी शिकागोच्या दक्षिण भागातल्या एका लहानशा कला केंद्रात फुकट काम करायची. पूर्वीची लॉन्ड्री होती ती. दुसऱ्या दिवशी तिनं सासूबाईंना दोन स्वेटर, कोट, कानटोपी आणि मुलाचे बूट असं सगळं चढवलं आणि बरोबर घेतलं.

तिथं त्यांनी वर्नीटाला पाहिलं आणि त्या जागच्या जागी थांबल्या.

वर्नीटा साठीला टेकलेली, रुंद खांद्यांची काळी बाई. सव्वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेली. आयुष्यातलं तिचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन महिन्याभरात इथे भरायचं होतं. ती स्टुलावर बसून काहीतरी वळत होती आणि तिच्या पाठीवर कमरेपर्यंत जटा होत्या. एक नाही, दोन नाही, पन्नास-साठ. करंगळीएवढ्या जाड, मध्ये मध्ये पांढऱ्या झालेल्या. आणि खोलीत वरच्या दांडीवरून केसांचे लांबच लांब पेड टांगलेले, काही तर जमिनीवर लोळणारे. देवीच्या आवारातल्या झाडाला नवसाचं काय काय बांधलेलं असतं, तसं.

अहिल्याबाईंनी सुनेकडे पाहिलं. "इथे पण?"

"आई, हे आर्टवर्क आहे," अपर्णा हळूच म्हणाली.

पहिल्या भेटीला केसांचं नाव काढायचं नसतं, म्हणून अहिल्याबाई गप्प बसल्या. वर्नीटानं त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली आणि मिस अहिल्या अशी हाक मारली. मी मिस नाही, विधवा आहे, असं त्यांनी सुनेकडून कळवलं. अपर्णानं परत सांगितलं की इथल्या लोकांत वडीलधाऱ्या बाईला मानानं असंच म्हणतात. घ्या. मान द्यायचा तर तोही उलटाच.

दुसऱ्या भेटीला त्यांनी खोबरेल तेलाची बाटली नेली. वर्नीटा त्या दिवशी एका पेडात केस भरत होती. हे पेड तिच्या घरातल्या, चर्चमधल्या, गल्लीतल्या बायकांच्या केसांचे होते. विंचरताना गळलेले, कुणी कापून ठेवलेले, कुणाचे आजारपणात गेलेले केस बायकांनी वर्षानुवर्षं तिला पाकिटात घालून आणून दिले होते आणि तिनं ते काळ्या सुती दोऱ्याबरोबर पिळून वळले होते. कुणाचे कमी पडले तर ती दुकानातले केस घालायची. त्या दुकानातल्या केसांचं पाकीट तिनं मोठ्या आदरानं अहिल्याबाईंपुढे धरलं. त्यावर देवळाचं चित्र होतं आणि इंडियन असं लिहिलेलं होतं. हे तुमच्या बायकांनी देवाला वाहिलेले केस आहेत ना, असं तिनं अपर्णामार्फत विचारलं.

अहिल्याबाईंनी एक बट बोटात धरून उजेडात पाहिली. टोकं आणि मुळं उलटसुलट होती. मग त्यांनी सगळं नीट सांगितलं, की देवाबिवाला वाहिलेले असतीलही काही, पण हे तसले नाहीत. हे गुंतवळ आहे. फणीत अडकलेलं, मोरीत पडलेलं. बाया ते कोनाड्यात साठवतात आणि दारावर सुयापोत विकणारी आली की तिला देऊन दोन सुया घेतात. यात देवाचा काही संबंध नाही, आणि पाकिटावर देऊळ छापणाऱ्यानं थोडी लाज बाळगायला हवी होती.

अपर्णा वर्नीटाकडे वळून म्हणाली, "शी सेज इट्स गुड हेअर."

तेवढं इंग्रजी अहिल्याबाईंना कळत होतं. त्यांचं पित्त खवळलं. सुनेची ही खोड त्यांनी दवाखान्यातल्या डॉक्टरांतही पाहिली होती. माणूस घसा फोडून सांगतं आणि हे कागदावर एक शब्द लिहितात. पण वर्नीटापुढे सुनेला काय बोलायचं? त्यांनी तेलाची बाटली टेबलावर ठेवली आणि सुनेला म्हणाल्या, विचार तिला, मान दुखते का? वर्नीटा हसली. दुखते, खूप दुखते, असं म्हणून तिनं मानेवरून हात फिरवला. अहिल्याबाईंना पाहिजे ते कळलं.

तिसऱ्या भेटीला त्यांनी मागून जाऊन हात लावला.

वर्नीटाचा हात वर आला आणि त्यांच्या मनगटावर बसला. जोरात नव्हे, पण सैलही नव्हे. तिनं मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

"नोबडी टचेस माय हेअर, मिस अहिल्या," ती म्हणाली, आणि मग हात सोडला.

परतीच्या गाडीत अपर्णाच्या रागाला धरबंध राहिला नाही. रागावली की ती अगदी हळू आवाजात बोलायची. या बायकांच्या केसांना येता-जाता कुणीही हात घालतं म्हणाली. दुकानात रांगेत उभी असताना अनोळखी माणसं मागून केस चाचपून बघतात. वर्नीटा तरुण होती तेव्हा शाळेच्या मुख्याध्यापकानं तिला सांगितलं होतं की असल्या केसांनी मुलांसमोर उभं राहता येणार नाही. तेव्हा ती बारा वर्षं दर रविवारी लोखंडी फणी शेगडीवर तापवून केस सरळ करत राहिली, कानाची पाळी दोनदा भाजली. तिचं सगळं काम त्यावर आहे. आणि तुम्ही सरळ मागून हात घातलात.

"मी काय मौज म्हणून लावला का?" अहिल्याबाई म्हणाल्या. "जट आहे तिच्या डोक्यावर."

"ती जट नाही, आई. तिनं स्वतः ठेवलेत ते. तिला आवडतात."

"हे एकूण एक बाई म्हणते. मी स्वतः ठेवली. एकतीस वर्षं हेच ऐकलं."

"इथे देवी नाही, नवस नाही, काही नाही."

"मग मानेला हात का लावते सारखी?"

"दिवसभर वर बघून काम करते म्हणून!"

पुढच्या बाकावरच्या माणसानं मागं वळून पाहिलं. अपर्णानं कपाळावर हात मारून घेतला आणि नेपरव्हिल येईपर्यंत बाहेरच्या बर्फाकडे बघत बसली. अहिल्याबाईही बघत बसल्या. त्यांना पटलं नव्हतं. एवढं शिकलेली सून, पण अजून बाई कधी खरं बोलते आणि कधी कुणीतरी शिकवलेलं बोलते हे तिला कळत नाही. सहा महिन्यांपैकी दोन उरले होते. गुरुवारी त्यांनी पिशवीत डबा, चष्मा आणि निळ्या फडक्यातली कात्री घेतली.

पण गुरुवारी केंद्रात पोचल्या तर तिथं वेगळंच चाललेलं. प्रदर्शनाचं उद्घाटन परवा, शनिवारी, आणि सकाळीच शहराचा फायर इन्स्पेक्टर येऊन गेला होता. केसांवर आग न धरणारा फवारा मारला होता, तो त्याला पसंत पडला. पण खोलीतून बाहेर पडायच्या वाटेवर काहीही जमिनीवर लोळता कामा नये, म्हणाला. प्रत्येक पेड जमिनीपासून दीड फूट वर हवा. शुक्रवारी चारला पुन्हा येतो. तोवर झालं तर दार उघडा, नाहीतर कुलूप. एकूण पेड एकेचाळीस. त्यातले एकोणीस लांब होते.

केंद्राचा डायरेक्टर उंच, वाकलेला आणि सदानकदा माफी मागणारा माणूस होता. तो माफी मागत मागत म्हणाला की खालून थोडे कापले तर काय बिघडणार आहे, बघणाऱ्याला कळणारही नाही. वर्नीटा म्हणाली, नाही. तो म्हणाला, मग वरच्या दांडीला दोन वेढे देऊ. तर वर आग विझवणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याची नळी होती आणि तिच्यापासूनही अंतर राखायचं होतं. तो म्हणाला, बरं, खालची टोकं दुमडून बांधून टाकू. त्यावर वर्नीटानं हातातलं काम खाली ठेवलं आणि काहीतरी म्हणाली.

काय म्हणाली, असं अहिल्याबाईंनी विचारलं. अपर्णा म्हणाली, या देशात तिच्या लोकांना झाडाला फास लावून मारत असत, आई. जमाव जमवून, उघड. दोर वरून टांगायचा आणि खाली त्याला दुमडून वेटोळं करायचं, हे ती कधीच करणार नाही म्हणते. आपल्या आईच्या केसांचं तर नाहीच नाही.

डायरेक्टरचा चेहरा लाल झाला. त्यानं पुन्हा माफी मागितली. पण त्यानं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, मग एकोणीस काढून ठेवावे लागतील. बावीसांवर प्रदर्शन करू.

वर्नीटा स्टुलावर बसून राहिली. चाळीस वर्षं वाट पाहिलेली बाई दोन दिवस उरले असताना कशी बसेल, तशी. अहिल्याबाईंना ते बघवेना. चार शिकली-सवरलेली माणसं, आणि केस कापायला घाबरतात. त्यांनी पिशवीत हात घातला, फडकं सोडलं आणि कात्री बाहेर काढली.

"मला सांगा कुठून कापायचं," त्या म्हणाल्या. "मी कापते. मला सवय आहे."

याचं भाषांतर करायची गरज पडली नाही. डायरेक्टर एक पाऊल मागं सरकला. अपर्णा पुटपुटली, आई, प्लीज, ती आत ठेवा. वर्नीटा मात्र कात्रीकडे बघत राहिली. मग उठली, अहिल्याबाईंच्या दंडाला धरून त्यांना सगळ्यांत लांब पेडाजवळ घेऊन गेली. जमिनीवर त्याचा दोन फुटांचा शेपटा पडला होता. वर्नीटानं आपली दोन बोटं जोडून पेडाच्या वरच्या टोकाला लावली आणि म्हणाली, वन. त्याखाली परत दोन बोटं. टू. मग थ्री. अहिल्याबाईंनी अपर्णाकडे पाहिलं.

अपर्णानं या वेळी नीट सांगितलं. प्रत्येक पेड म्हणजे एक बाई. ती जितकी वर्षं जगली तितका तो लांब, वर्षाला दोन बोटं. हा तिच्या आजीच्या बहिणीचा. ती सत्त्याण्णव वर्षांची होऊन गेली. खाली लोळतात त्या सगळ्या म्हाताऱ्या होऊन गेलेल्या. फूटभर कापलं तर आठ वर्षं जातात.

ज्या जास्त जगल्या त्यांनाच काढा म्हणतोय हा, असं वर्नीटा म्हणाली, आणि हे तिनं डायरेक्टरकडे न बघता सांगितलं.

अहिल्याबाई उभ्याच राहिल्या. हातात कात्री तशीच. त्यांना पद्मिनी आठवली, आणि का आठवली म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला. चव्वेचाळीस वर्षांची बाई. बावीस वर्षं जट वागवलेली. सहा भेटी लागल्या तिला. उतरवली तेव्हा रडली नाही, मान इकडेतिकडे वळवून बघितली, आणि मग म्हणाली, ताई, माझी मला द्या. अहिल्याबाई म्हणाल्या, वेडी का काय, घाण आहे ती. आणि रिवाजाप्रमाणे जट हिरण्यकेशी नदीत सोडून दिली. त्यानंतर बाजारात भेटली की पद्मिनी दरवेळी जय भीम ताई म्हणायची, पण चहाला थांब म्हटलं तर कधी थांबली नाही. केवढं ओझं उतरवलं तिचं, आणि ही अशी का वागते, म्हणून अहिल्याबाई कित्येक वर्षं तिच्यावर चिडून होत्या. बावीस वर्षं होती ती, तिच्या डोक्यावरची. मागत काय होती ती? आपलीच बावीस वर्षं.

त्यांनी कात्री फडक्यात गुंडाळली. फडकं पिशवीत टाकलं. मग पदर खोचला.

"स्टूल द्या इकडे," त्या म्हणाल्या. "आणि तिला विचार, हात लावू का म्हणावं."

अपर्णानं विचारलं. वर्नीटानं बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि मग मान हलवली.

अहिल्याबाईंनी तो सत्त्याण्णव वर्षांचा पेड खालून उचलला. हाताला तो गडहिंग्लजच्या कुठल्याही म्हातारीच्या वेणीसारखाच लागला, वर जाड आणि खाली शेवटाला बारीक. रोपं लावायला शेतात वाकणारी बाई सकाळी बांधावर उभी राहून करते तेच त्यांनी केलं. डाव्या हाताची मूठ, तिच्याभोवती दोन वेढे, शेवट आतून फिरवून मधल्या खळगीत खुपसायचा आणि वरून दाबायचा. आकडा नाही, दोरा नाही. ओढलं तर घट्ट होतं, मधलं टोक काढलं की एका झटक्यात सगळं मोकळं. बुचडा. त्यासाठी अहिल्याबाईंना विचार करावा लागत नसे. सहा वर्षांच्या असल्यापासून त्या तो बांधत होत्या.

त्यांनी हात काढला. पेड सरळ खाली आला होता आणि शेवटाला गोल, भरीव गाठ होती. वेटोळं नव्हतं, फास नव्हता. पाठमोऱ्या उभ्या राहिलेल्या बाईची मान आणि तिच्यावरचा बुचडा, तसं ते दिसत होतं. कुणीतरी कामाला निघाल्यासारखं.

वर्नीटा जवळ आली. तिनं खाली वाकून गाठीत बोट घालून पाहिलं, कुठे छिद्र राहतंय का. राहत नव्हतं. मग तिनं टोक ओढलं. सगळा पेड सुटून जमिनीवर आला, दोन फूट, जसाच्या तसा.

"डू इट अगेन," ती म्हणाली.

अहिल्याबाईंनी पुन्हा बांधला. हळू, तिला दिसेल असा. मग तिच्या हातून बांधून घेतला. पहिल्यांदा तिचा सैल झाला आणि पडला. अहिल्याबाई म्हणाल्या, मूठ एवढी गच्च धरू नकोस, केसांना काय मारायचंय का? हे अपर्णानं कसं सांगितलं कोण जाणे, पण वर्नीटा मोठ्यानं हसली. इतक्या भेटींत अहिल्याबाईंनी तिला पहिल्यांदाच असं हसताना पाहिलं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून एकोणीस बुचडे बांधले. काम सोपं मुळीच नव्हतं. डायरेक्टर दर तासाला येऊन छान दिसतंय म्हणायचा आणि मध्ये उभा राहायचा. एका पेडात सुती दोरा जास्त होता, तो निसटत राहायचा. अहिल्याबाईंनी त्याला तीनदा शिव्या दिल्या. प्रत्येक पेड हातात घेतला की वर्नीटा ती बाई कोण होती ते सांगायची, आणि अपर्णा ते सांगता सांगता थकून जायची. एक चर्चमध्ये गाणारी होती. एक वर्नीटाची आई, एक्क्याऐंशी वर्षांची, पांढराशुभ्र पेड. तो वर्नीटानं स्वतःच बांधला, आणि कुणी तिकडे बघितलं नाही.

शुक्रवारी चारला इन्स्पेक्टर आला. गुडघ्यावर बसून टेप लावून एकेक मोजत गेला. बाराव्या पेडाशी थांबला. साडेसतरा इंच. अठरा हवेत. डायरेक्टर माफी मागायला लागला. अहिल्याबाईंनी त्या दोघांना हातानं बाजूला केलं, गाठ सोडली, एक वेढा वाढवला, बांधली आणि इन्स्पेक्टरकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यानं बाकीचे सात उभ्या उभ्याच बघितले आणि कागदावर सही करून टाकली.

तो गेल्यावर वर्नीटा स्टुलावर बसली. दोन दिवस हात वर धरून तिचे खांदे भरून आले होते. जटा पुढे येत होत्या, त्या मागं टाकायलासुद्धा हात उचलवत नव्हता. मग ती अहिल्याबाईंकडे पाठ फिरवून काहीतरी म्हणाली.

"तिचेही बांधा म्हणते," अपर्णा म्हणाली. तिच्या आवाजात विश्वास नव्हता.

बाहेर प्रितम गाडी घेऊन आला होता आणि अपर्णाचा मोबाइल वाजत होता. इथे पार्किंग नाही, दंडाचं तिकीट लागेल, लवकर या. अहिल्याबाई म्हणाल्या, सांग त्याला, गोल फिरून ये.

त्यांनी दोन्ही हातांनी तो भार उचलला. आणि मग, एकतीस वर्षांच्या सवयीनं, आधी टाळू बघितली. इतके दिवस त्यांनी लांबूनच निकाल लावला होता, बघितली आता. जखम नव्हती, खरूज नव्हती, ऊ नव्हती. प्रत्येक बट मुळाशी वेगळी, मध्ये नीट आखलेली भांगाची रेघ, पेरणीच्या शेतासारखी. कातडी स्वच्छ, तेल लावलेली. त्यांच्याच बाटलीतल्या खोबरेलाचा वास येत होता. एका बोटानं त्यांनी बटा मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. रोज बसून, आरशात बघून, हातानं केल्याशिवाय असं होत नाही. हे आधी बघायला काय झालं होतं, असं त्या मनाशी म्हणाल्या, आणि स्वतःवर इतक्या चिडल्या की पहिला वेढा जरा जास्तच घट्ट बसला. वर्नीटा ओरडली. अहिल्याबाईंनी तो सैल केला.

शनिवारी उद्घाटनाला माणसं मावेनात. वर्नीटाच्या चर्चच्या बायका टोप्या घालून आल्या होत्या आणि आपापल्या आईच्या, मावशीच्या पेडापुढे उभ्या राहून मोठमोठ्यानं बोलत होत्या. अहिल्याबाईंना खुर्ची दिली होती. त्यांना उकडत होतं, पाय दुखत होते आणि चहा मिळेल असं वाटत नव्हतं. तेवढ्यात लाल कोटातली एक गोरी बाई वही घेऊन त्यांच्यासमोर वाकली. या गाठी तुमच्या आहेत असं ऐकलं, त्यांचा अर्थ काय, त्या कशाचं प्रतीक आहेत, असं तिनं विचारलं. अपर्णानं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"तू थांब," अहिल्याबाई म्हणाल्या. "मी सांगते तेवढंच सांग. वाकून काम करताना केस चिखलात जातात म्हणून वर बांधायचे. काम झालं की सोडायचे. त्यासाठी कापायची गरज नसते. आणि हे मला या वयात कळलं, हेही सांग."

अपर्णानं एक शब्दही गाळला नाही. लाल कोटातली बाई मान डोलावत लिहीत राहिली. तिचं पान भरलं, तिनं उलटलं आणि पुढं लिहायला लागली.

"एवढं काय लिहितेय ती?" अहिल्याबाई वैतागून म्हणाल्या. "चार वाक्यं तर सांगितली."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला वर्नीटा टोपीवाल्या बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिचा बुचडा थोडा डावीकडे कलला होता. अहिल्याबाईंनी तिला हातानं खूण केली, इकडे ये. वर्नीटानं बोटानं आधी स्वतःच्या डोक्याकडे दाखवलं, मग भुवया उंचावल्या. अहिल्याबाईंनी मान हलवली. ती माणसांतून वाट काढत येऊ लागली.